डाव्या चाकाची हवा

"झालं का दाजी?" सर्जेरावनं सीटवरून मान मागे वळवून विचारलं. इंजिन चालू होतं.

मी उजव्या मोठ्या चाकापाशी उकिडवा बसलो होतो. गेजवर काटा चौदावर उभा होता. चौदा पौंडच पाहिजे होती. "उजवी बरोबर हाय," म्हणालो आणि उठून डावीकडे गेलो.

डाव्या चाकाचा व्हॉल, हवा भरायची नळी, खाली होता. पार खाली, मातीला टेकायला आलेला.

पाणी भरलेल्या टायरची हवा बघायची तर व्हॉल वर, डोक्यावर पाहिजे. टायरात पाऊण भाग पाणी असतं आणि वरच्या पाव भागात हवा. व्हॉल वर असला तर गेजला हवा लागते. खाली असला तर गेज टेकवल्याबरोबर पाण्याची चिळकांडी तोंडावर येते, पाणी गेजात शिरतं आणि काटा वाटेल ते दाखवतो. म्हणून ट्रॅक्टर अर्धा फेरा पुढं घ्यायचा, व्हॉल वर आला की थांबवायचा आणि मग बघायचं. दोन मिनिटांचं काम.

"अर्धा फेरा पुढं घे," मी म्हणालो.

"आन मग?"

"मग थांबव."

"थांबव?" सर्जेराव हसला. "दाजी, मागं दोन ट्रॉल्या हायत्या. सोळा टन ऊस हाय. परवा हितंच रुतली तवा दुसरा ट्रॅक्टर लावून वढून काढली. आता एकदा हलली की डांबरीला लागल्याबिगर मी थांबत नसतोय."

"मग डांबरीवर थांब. मी येतो तिथं."

"या की. चालत या."

डांबरी रस्ता तिथून दोनशे पावलांवर होता. मी गेलो नाही. हातातली टॉमी, टायर काढायची लोखंडी पहार, डाव्या टायरवर हाणली. धप्प आवाज आला. टायर गच्च असल्यासारखा. पाण्याचं टायर मारलं की असाच आवाज देतं, आत हवा असो नाहीतर नसो. आवाजावर जाऊ नका, हे मीच सगळ्या ड्रायव्हरांना सांगत होतो.

"ऱ्हाऊ दे. ठीक हाय," मी म्हणालो. "जा तू."

पलीकडच्या सरीत मालन उसाचं वाढं गोळा करत होती. मालन माझी बायको आणि सर्जेरावची थोरली बहीण. म्हशीला वैरण म्हणून ती वाढं न्यायला आली होती. तिनं कंबर सरळ केली आणि मला विचारलं, "दोन्ही बघितली का?"

"बघितली."

"डावीपण?"

"बघितली म्हणतोय न्हवं! का आता तू शिकीवणार मला टायर?"

ऊस तोडणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मालन खाली वाकली आणि वाढं बांधायला लागली. इंजिनाच्या आवाजात सर्जेरावला यातलं काही ऐकू गेलं नसणार. ट्रॅक्टरनं काळा धूर सोडला, पुढची चाकं जरा उचलल्यासारखी झाली, मग सगळं धूड हललं आणि बांधावरून वर गेलं.

ही सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. नाक्यावर माझं टायरचं दुकान होतं. आमच्या भागात ट्रॅक्टरच्या टायरात पाणी भरायला सुरुवात मी केली. तोवर लोक वजनाला ट्रॅक्टरवर दगडं बांधायचे. पाण्यानं चाक जमिनीला धरून राहतं, ओढ चांगली मिळते, हे एकदा कळल्यावर कारखान्याला ऊस वाहणारे पन्नास-साठ ट्रॅक्टर माझ्याकडे यायला लागले. मला सगळे मिस्त्री म्हणायचे. सर्जेरावचा त्या साली पहिलाच हंगाम होता. ट्रॅक्टर नवा, ड्रायव्हर नवा. ऊस आमच्या गावच्या डोंगरकडच्या रानातला आणि कारखाना खिंडीच्या पलीकडे. खिंडीचा उतार वाईट. हंगाम सुरू व्हायच्या आधीच मालन मला म्हणाली होती, "रोज सकाळी तुम्ही जाऊन हवा बघायची. दुसऱ्या कुणावर सोपवायची न्हाय. मला एकच भाऊ हाय." दोन महिने मी रोज जात होतो. मला त्याचा कंटाळा आला होता, हे खरं.

ट्रॅक्टर गेल्यावर मी तोडकऱ्यांच्या मुकादमाशी बोलत बसलो. अर्धा तास सहज गेला. मालननं दुसऱ्या एका बाईकडून भारा डोक्यावर घेतला. मला बोलावलं नाही. मी रागावलो होतो आणि तीही रागावली होती.

मग टॉमी आणायला मी परत त्या जागेवर गेलो. टॉमी मी मातीत रोवून ठेवली होती, जिथं डावं चाक उभं होतं तिथंच. उचलायला वाकलो तर खालची माती काळी दिसली. परातीएवढी जागा. बाकीचं रान कोरडं ठणठणीत होतं, तोडीच्या आधी महिनाभर त्याला पाणीच नव्हतं. मी बोट घातलं. बोट मुठीपर्यंत आत गेलं. वास घेतला. रबराचा वास होता.

ट्रॅक्टर आदल्या संध्याकाळपासून तिथं उभा होता. रात्रभर व्हॉल खाली. व्हॉलच्या पिनीत वाळूचा खडा अडकला असणार आणि पाणी थेंबाथेंबानं गेलेलं. दोन-तीन घागरी तरी गेलं होतं. तेवढी आतल्या हवेला जागा झाली आणि हवा पातळ झाली. चौदाची चार राहिली असेल. फार तर पाच.

सपाटीला ते चालून जातं. उताराला नाही. हवा कमी असली की टायर रिमला धरत नाही. ब्रेक दाबला की रिम थांबते आणि टायर तिच्यावर फिरतं. व्हॉल ट्यूबला चिकटलेला असतो आणि रिमच्या भोकातून बाहेर येतो. टायर फिरलं की तो मुळासकट तुटतो, आणि सगळं पाणी, सगळी हवा एका दमात बाहेर. मागं सोळा टन ढकलत असताना ते चाक बसलं तर ट्रॅक्टर त्या बाजूला कलंडणार.

मी मोटारसायकलकडे पळालो. किक मारली. दुसऱ्या किकेला चालू झाली. तेवढ्यात मागे वजन बसलं. मालन होती. भारा तिनं तिथंच टाकला होता आणि पायात चपला नव्हत्या.

डांबरीला लागल्यावर कानापाशी तोंड आणून म्हणाली, "डाव्याची बघितली न्हवती."

ती विचारत नव्हती.

"न्हाय," मी म्हणालो.

"किती असंल?"

"चार. पाच."

"उताराला काय हुईल?"

मी सांगितलं. वाऱ्यामुळे मला ओरडून सांगावं लागलं. ती म्हणाली, "म्हसोबाच्या वळणापत्तूर डोंगर डाव्या हाताला हाय. वळान घेतलं की दरी डाव्या हाताला येतीया."

ते मला सुचलं नव्हतं. ती तिच्या माहेरची वाट होती. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती त्या वाटेनं चालत गेली-आली होती.

"त्याच्या आधी थांबला पायजे," ती म्हणाली. "पळवा."

चढाला भरलेला ट्रॅक्टर बैलाच्या चालीनं चालतो. आम्ही गाठू असं मला वाटत होतं. पण चढाच्या मध्यावर धनगराची मेंढरं आली. दोन-अडीचशे असतील, सगळा रस्ता भरून. मी हॉर्न वाजवत राहिलो.

"मामा, वाट सोडा! घाई हाय!"

धनगर काठी खांद्यावर घेऊन निवांत चालला होता. "मेंढरं हायती पावनं. त्यास्नी तुमचं भोंगं कळत न्हाय. हुतील बाजूला."

मालन गाडीवरून उतरली. पदर खोचला आणि तोंडानं हुर्र हुर्र करत कळपात शिरली. दोन्ही हातांनी मेंढरं ढकलत चालली. मी गाडी पहिल्या गेअरमध्ये तिच्या मागे घेतली. धनगर ओरडायला लागला, "ए बाई! पिल्ली तुडीवशील!" तिनं मागं बघितलं नाही. पलीकडे गेल्यावर परत बसली. तिच्या पायाला काटा लागला होता आणि ती तो चालत्या गाडीवर काढत होती.

खिंडीच्या माथ्यावर चहाची टपरी आहे. टपरीवाल्यानं लांबूनच हात वर केला. "मिस्त्री, मेव्हणा आत्ताच उतरला बगा! च्या घे म्हटलं तर थांबतोय कशाला!"

मी गाडी उताराला घातली.

पहिलं वळण घेतल्यावर ट्रॅक्टर दिसला. मागच्या ट्रॉलीतला ऊस दोन्ही बाजूंना लोंबत होता आणि ट्रॉली डुलत होती. मी उजवीकडून, दरीच्या अंगानं गाडी घातली. कठडा नव्हता. रस्त्याची कड आणि ट्रॉलीचं चाक यांच्यामध्ये दोन हातांची जागा असेल. मालननं दोन्ही हातांनी माझी कंबर धरली. पुढच्या ट्रॉलीच्या बरोबरीला आलो तेव्हा ट्रॉलीच्या खालून मला डावं चाक दिसलं. खाली भाकरी थापल्यासारखं पसरलं होतं.

सर्जेरावच्या शेजारी आल्यावर त्यानं आम्हाला बघितलं आणि हसला. त्याला वाटलं, काहीतरी विसरलं ते द्यायला आलो.

"चाक!" मालन ओरडली. "सर्जा, चाक बघ! डोंगराला घाल!"

इंजिनाच्या आवाजात त्याला काही ऐकू गेलं नाही. त्यानं कानाला हात लावला. मग आमच्यासाठी थांबावं म्हणून त्यानं पाय ब्रेकवर नेला. मला ते दिसलं. मी जीव खाऊन हात हलवला, नको, नको, दाबू नको. त्याला वाटलं मी त्याला पुढं जा म्हणतोय. त्यानं मान डोलावली, पाय काढला आणि पुढं बघायला लागला.

म्हसोबाचं वळण समोर दिसत होतं. पांढरा दगड, त्यावर शेंदूर आणि पलीकडं नुसतं आभाळ.

"म्होरं घ्या," मालन म्हणाली.

"काय?"

"म्होरं घ्या आन मला उतरवा."

"अगं येडी का खुळी—"

"उतरवा म्हनते न्हवं!"

मी गाडी पुढं काढली. वळणाच्या अलीकडं थांबवली. गाडी नीट थांबायच्या आत ती उतरली. रस्त्याच्या मध्ये गेली, मग जरा दरीच्या अंगाला सरकली आणि ट्रॅक्टरकडे तोंड करून उभी राहिली. दोन्ही हात डोंगराच्या बाजूला पसरले. एकच जागा तिनं मोकळी ठेवली होती, डोंगराच्या कडेची गटार.

"मालन! बाजूला हो!"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी गाडी स्टँडला लावत होतो. स्टँड पडेना. तिच्यापाशी जायचं सोडून मी ते स्टँड पाडत बसलो होतो. पुढच्या सगळ्या वेळात मी एवढंच केलं.

सर्जेरावचं हसू गेलं. त्यानं हॉर्न धरून ठेवला. मालन हलली नाही. मग त्यानं दोन्ही पायांनी ब्रेकवर उभं राहून ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग डावीकडे ओढलं.

मी बघितलं. रिम थांबली आणि टायर तिच्यावर फिरलं. पांढऱ्या पाण्याची धार पुरुषभर उंच उडाली. ट्रॅक्टर डाव्या अंगाला बसला, नाक गटारीत गेलं आणि डोंगराच्या दगडाला जाऊन आदळलं. पुढची ट्रॉली आडवी आली. मागची तिच्यावर चढली. उसाच्या मोळ्या रस्त्यावर घरंगळत आल्या. धुळीत काही दिसेना. इंजिन बंद पडलं. पाणी वाहिल्याचा आवाज तेवढा येत होता.

धूळ बसली तेव्हा मालन तिथंच उभी होती. हात अजून पसरलेले. ट्रॉलीची कड तिच्यापासून सात पावलांवर थांबली होती. नंतर मी ती पावलं मोजली.

मग ती पळाली. सर्जेराव सीटवरून गटारीत पडला होता. कपाळ फुटलं होतं आणि डावा हात मनगटापासून लोंबत होता. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो शुद्धीवर होता.

"आक्के," तो म्हणाला, "याड लागलं का तुला? मेली असतीस की."

"गप ऱ्हा."

"मधी काय उभी ऱ्हायलीस?"

"गप ऱ्हा म्हनते न्हवं."

तिनं पदर फाडून त्याच्या कपाळाला बांधला. तोवर मागून उसाचे आणखी दोन ट्रॅक्टर आले, एक जीप आली. दहा-बारा माणसं जमली. त्यातल्या निम्म्यांच्या टायरात मी भरलेलं पाणी होतं. दोघांनी सर्जेरावला उठवून दगडावर बसवलं. त्याची नजर चाकावर गेली. टायर रिमवरून उतरलं होतं आणि व्हॉलच्या जागी रिकामं भोक होतं. तो जरा वेळ बघत राहिला.

"दाजी," तो म्हणाला, "डावी ठीक हाय म्हनालासा न्हवं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं.

"माझ्यापायी ऱ्हायली," मालन म्हणाली. "ते डांबरीवर डाव्याची बघायला येणारच हुते. मी हाक मारली, भारा उचलू लागा म्हनून. तवा त्यांनी तुला ठीक हाय, जा म्हटलं. मीच घाई केली."

एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "आरं, बायकूनं हाक मारल्यावर मिस्त्री काय टायराजवळ थांबतोय व्हय!"

माणसं हसली. सर्जेरावही तोंड वेडंवाकडं करत हसला. मीही हसलो.

संध्याकाळी हातपाय धुताना मी मालनला म्हणालो, "मी सांगतो सर्जेरावला. खरं काय ते."

"काय सांगताय?" ती चुलीपाशी बसली होती. "उद्या तुमच्या दुकानात कोण गाडी घालील? साठ मान्सांचा जीव तुमच्या गेजवर हाय. तुमी खोटं बोलला म्हटल्यावर कोण ईल?"

"आणि तुझं काय?"

"मला काय हुतंय? मायेरचं बोलणं. मायेरच्या बोलण्यानं अंगाला भोकं पडत न्हाईत."

मी पुढं काही बोललो नाही. मला ते बरं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

सर्जेरावचं मनगट वाकडं जुळलं. त्याला स्टेअरिंग धरता येईना. पुढच्या वर्षी त्यानं ट्रॅक्टर विकला आणि शेती करायला लागला. मालनची आई, माझी सासू, तेव्हा पन्नाशीत होती आणि तोंडाची फटकळ. दवाखान्यातच तिनं लेकीला सगळ्यांसमोर ऐकवलं. "एका भाऱ्यापायी भावाचा जीव घेत हुतीस गं! तुझी म्हस उपाशी मरत हुती व्हय?"

मालन म्हणाली, "चुकलं आई."

हे एकदा बोलून संपलं असतं तर गोष्ट वेगळी होती. संपलं नाही. दर भाऊबीजेला मालन ताट घेऊन भावासमोर बसली की म्हातारी म्हणायची, "ववाळ, ववाळ. जिता हाय म्हनून ववाळायला मिळालं." सुनेच्या कानावर, नातवंडांच्या कानावर ती गोष्ट गेली. सर्जेराव मनानं वाईट नव्हता. पण त्यालाही सवय लागली. जेवायला बसल्यावर मालननं हाक मारली की म्हणायचा, "हाक मारू नगोस आक्का, कुणाचं तरी चाक बसंल." सगळे हसायचे. मालनही हसायची. हसताना माझ्याकडं बघायची नाही.

पाच-सहा वर्षांनी दुकान चांगलं चालायला लागलं तेव्हा मी परत एकदा म्हणालो, आता सांगून टाकतो. ती म्हणाली, "आता सांगितलं तर भाऊ म्हनंल मला फशिवलं. आई म्हनंल नवऱ्यासाठी पाठच्या भावाशी खोटं बोलली. आता ह्येच खरं. ऱ्हाऊ द्या." तेव्हाही मी राहू दिलं. पंचवीस वर्षं राहू दिलं.

गेल्या फाल्गुनात मालन गेली. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. मातीच्या दिवशी म्हातारी आली. आता ती ऐंशीला टेकली आहे, कानानं कमी ऐकते. सर्जेरावनं तिला धरून आणलं. ती लेकीच्या उशाशी बसली आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्या रडतात तशी बोलून-बोलून रडायला लागली. लहानपणापासूनचं सगळं काढलं तिनं. आणि शेवटी म्हणाली, "एका भाऱ्यापायी जल्मभर बोलले गं तुला, माझ्या बाये. चुकली हुतीस, पर मी लई बोलले गं. माझं चुकलं गं."

मी दारात उभा होतो. चुकली हुतीस, हे मी ऐकलं.

त्यानंतर मला दुकानात बसवेना. घरात बसवेना. कुणाशी बोलताना मध्येच मला ते ऐकू यायचं. दिवाळी आली. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी मी एसटीनं मालनच्या माहेरी गेलो.

सर्जेराव ओसरीवर बसला होता. कपाळ कोरं. मला बघून उठला. "या दाजी. मला वाटलंच हुतं तुम्ही येणार म्हनून." त्यानं पाणी दिलं. चहा आला. आम्ही ऊस, पाऊस, पोरांच्या नोकऱ्या असं बोललो. मग मी म्हणालो, "सर्जेराव, मला तुला एक सांगायचंय. खिंडीतलं."

"आता ते कशाला काढताय? आज नगो."

"आजच सांगायचंय."

मी सांगितलं. खाली बघूनच सांगितलं. व्हॉल खाली होता हे सांगितलं, टॉमी मारली हे सांगितलं, मालननं दोनदा विचारलं आणि मी तिलाच ओरडलो हे सांगितलं. भारा तिनं दुसऱ्या बाईकडून डोक्यावर घेतला, मला बोलावलंच नाही, हेही सांगितलं. संपलं तेव्हा मी वर बघितलं. तो उजव्या हातानं आपलं वाकडं मनगट चोळत होता.

"आक्काला ठावं हुतं?" त्यानं विचारलं.

"गाडीवर असतानाच कळलं हुतं तिला."

"म्हंजी सगळं ठावं असून ती मधी उभी ऱ्हायली. आन सगळं ठावं असून मला तसं बोलली."

"व्हय."

"आन तुम्ही पंचवीस वर्सं आमच्यासंगं ताटावर बसून हसलासा."

"व्हय."

तो उठला. आत गेला. मला वाटलं आता बाहेर येऊन मला चालता हो म्हणेल. मी टोपी हातात घेतली. आतून भांड्याचा आवाज आला, म्हातारीचा आवाज आला, "काय? कुठं? आता कशाला उठीवतोस?" मग सर्जेराव तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. तिला माझ्यासमोर घोंगड्यावर बसवलं. स्वतः तिच्या बाजूला बसला.

"आता हिला सांगा," तो म्हणाला.

म्हातारीनं डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. "कोन, जावाई? कवा आला?"

"मामी," मी म्हणालो, "त्या दिवशी खिंडीत..."

"काय म्हन्तोय ह्यो?"

"मोठ्यानं," सर्जेराव म्हणाला. "तिला ऐकू येत न्हाय. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं तरी चालंल. मोठ्यानं सांगा."

समोरच्या घरात भाऊबीजेला आलेल्या बहिणी दारात बसल्या होत्या. त्यांनी इकडं बघितलं. मी उठून उभा राहिलो. म्हातारीच्या कानाजवळ वाकलो आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं ओरडलो.

"मामी! मालननं मला हाक मारली नव्हती!"